माकडताप : गोचिडीपासून माणसापर्यंत

बीदर व कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे पठारी, कोरडवाहू व पशुधनाने समृद्ध आहेत. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील गावांत कन्नड, मराठी व उर्दू या तिन्ही भाषा एकाच चावडीवर ऐकू येतात. शेतीची कामे सरली की येथील अनेक कुटुंबे रोजगारासाठी घाटाखाली, गोव्याकडे, कोकणाकडे किंवा मलनाडाकडे जातात व उन्हाळा संपता संपता परततात. अशा वेळी एखादा मजूर ताप घेऊन परत आला, तर तो ताप कोठला व कशाचा, हे ओळखणे रोग्याच्या जिवाच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचे ठरते. त्यासाठी ज्या रोगाची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी या सर्वांना असावयास हवी, असा एक रोग म्हणजे माकडताप होय. कन्नडमध्ये यास ‘मंगनकायिले’ असे म्हणतात. शास्त्रीय ग्रंथांत तो ‘क्यासनूर जंगल रोग’ या नावाने ओळखला जातो.

प्रथमच हे स्पष्ट केले पाहिजे, की माकडतापाची ठाऊक असलेली क्षेत्रे सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात आहेत. बीदर व कलबुर्गी हे जिल्हे त्यांत मोडत नाहीत. म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु माणूस चालता-फिरता आहे, जनावरांचे बाजार दूरदूरचे आहेत आणि गोचीड तर प्रत्येक गोठ्यात आहे. देशातील कोविडचा पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये कलबुर्गी येथेच नोंदला गेला, ही गोष्ट या भागातील लोक विसरलेले नाहीत. दूरचा रोग दूरच राहील असे गृहीत धरणे किती धोक्याचे असते, हे त्या घटनेने शिकविले आहे.

रोगाचा शोध

सन १९५७ च्या प्रारंभी त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर नावाच्या जंगलात व आसपास मोठ्या संख्येने माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास जंगलात जाणाऱ्या ग्रामस्थांनाही तीव्र तापाने पछाडले व काहींचा मृत्यू झाला. माकडे व माणसे एकाच वेळी मरत आहेत हे पाहून शास्त्रज्ञांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांत आढळणारा हा रोग भारतात कधीच नव्हता; तो शिरला असता तर देशापुढे मोठेच संकट उभे राहिले असते.

पुणे येथे १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. हीच संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. या केंद्राचे त्या वेळचे संचालक डॉ. टेलफर्ड वर्क, डॉ. हॅरोल्ड ट्रापिडो व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी जंगलात जाऊन मृत माकडे, रोगी माणसे व गोचिडी यांचे नमुने गोळा केले. त्यातून जो विषाणू हाती आला तो पीतज्वराचा नव्हता. रशियातील जंगलांत गोचिडीमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते होते. तथापि तो स्वतंत्र व पूर्णतः नवा होता. ज्या जंगलात तो प्रथम सापडला त्याचेच नाव त्यास देण्यात आले. हे संशोधन जोखमीचे होते. प्रयोगशाळेत या विषाणूवर काम करणाऱ्यांपैकी अनेकांना त्याची लागण झाली. आज पुण्याच्या संस्थेत अशा घातक विषाणूंसाठी सर्वोच्च सुरक्षा श्रेणीची प्रयोगशाळा असून ती २०१२ मध्ये सुरू झाली.

गोचिडीचे जीवनचक्र

हा रोग समजून घ्यावयाचा तर गोचिडीचा जीवनक्रम समजून घेतला पाहिजे. माकडतापाचा मुख्य प्रसार ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ या जंगली जातीच्या गोचिडीमुळे होतो. अंडे, सहा पायांचे बारीक पिलू, आठ पायांचे वाढते पिलू व पूर्ण वाढलेली गोचीड अशा तिच्या चार अवस्था आहेत. अंड्यातून बाहेर पडल्यावर प्रत्येक अवस्थेत ती एकदाच रक्त पिते, नंतर गळून पडते व पालापाचोळ्यात कात टाकून पुढच्या अवस्थेत जाते.

पावसाळ्यात पूर्ण वाढलेली मादी गाय, म्हैस किंवा रानातील मोठ्या जनावराचे रक्त पिऊन जमिनीवर उतरते व मोठ्या संख्येने अंडी घालते. पाऊस संपल्यावर त्यांतून निघालेली बारीक पिले उंदीर, चिचुंद्री, पक्षी व माकडे यांवर जगतात. त्यानंतर हिवाळ्यात येते ती आठ पायांच्या पिलाची अवस्था. हेच पिलू माणसाला चावते. ते एखाद्या बारीक तिळाएवढे असते. कपड्यात शिरले तरी ध्यानात येत नाही. म्हणूनच माकडतापाचा हंगाम साधारणतः डिसेंबरपासून मेपर्यंत असतो व जानेवारी ते मार्च या महिन्यांत त्याचा जोर असतो. पहिला जोराचा पाऊस पडला की साथ ओसरते.

याच महिन्यांत माणूसही जंगलात अधिक जातो. सरपण, गोठ्यात अंथरण्यासाठी पालापाचोळा, मध, शिकेकाई व काजू गोळा करण्याचा हाच काळ असतो. माणसाची व गोचिडीची गाठ पडते ती अशी.

काळ्या तोंडाचे वानर व लाल तोंडाचे माकड हे दोन्ही प्राणी या विषाणूला सहज बळी पडतात. आजारी माकडाच्या अंगावर शेकडो गोचिडी असतात. माकड मेले व त्याचे शरीर थंड झाले की त्या सर्व गोचिडी खाली उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात. ज्या झाडाखाली माकड मेले ती जागा पुढे रोगाचे केंद्र बनते. गाई-म्हशींना हा रोग होत नाही, परंतु त्यांच्या रक्तावर गोचिडींची पैदास वाढते. माणसाची गोष्ट वेगळी आहे. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही. रोग्याची शुश्रूषा करण्यास, त्याच्या शेजारी बसण्यास किंवा त्याच्या हातचे पाणी पिण्यास भिण्याचे काहीही कारण नाही. गैरसमजामुळे रोग्यास वाळीत टाकणे हा अन्याय होय.

जंगलतोड व रोगाचा फैलाव

सुमारे २५ वर्षे हा रोग शिमोगा जिल्ह्याच्या परिसरातच होता. १९८२ ते १९८४ या काळात दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात मोठी साथ उद्भवली. काजूच्या लागवडीसाठी तेथील जंगल तोडले जात असताना हा उद्रेक झाला, ही बाब लक्षणीय आहे. दाट जंगलात विषाणू, गोचीड व वन्य प्राणी यांचा एक समतोल असतो. जंगलाचे तुकडे झाले, त्यांत गुरे चरू लागली व माणसाची ये-जा वाढली, की तो समतोल ढळतो व रोग वस्तीच्या दारात येतो.

सन २०१२ मध्ये चामराजनगर जिल्ह्यातील बंडीपूर व्याघ्र प्रकल्पात मृत माकडांची विल्हेवाट लावण्याच्या कामात असलेल्या माणसांना लागण झाली. त्यानंतर केरळातील वायनाड व तामिळनाडूतील निलगिरी येथेही हा रोग आढळला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात साथ आली. काजूच्या बागांत काम करणारे मजूर तिच्या तडाख्यात सापडले. २०१६ च्या आरंभी महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात केर व आसपासच्या गावांत, तर २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात रुग्ण आढळले. माणसांत ताप पसरण्याच्या सुमारास तेथेही माकडे मरून पडत होती. २०१८ च्या अखेरीस सागर तालुक्यातील अरळगोडू येथे व २०२४ च्या आरंभी शिवमोग्गा, उत्तर कन्नड व चिक्कमगळूरु या जिल्ह्यांत रोगाने पुन्हा बळी घेतले. मराठी भाषिक वस्तीच्या दृष्टीने पाहता, २०१५ पूर्वी परक्या मुलखाचा वाटणारा हा रोग आता आपल्या घरचा झाला आहे.

लक्षणे व उपचार

गोचीड चावल्यानंतर ३ ते ८ दिवसांत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप चढतो. कपाळ फुटेल असे डोके दुखते. मान, पाठ, कंबर व पोटऱ्या यांत असह्य वेदना होतात. डोळे लाल होतात. उलट्या व जुलाब होतात. रोगी अगदी गळून जातो. तीन-चार दिवसांनंतर काही रोग्यांच्या नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाऊ लागते. रक्तदाब उतरतो व रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी होतात. यामुळेच या रोगाची गणना रक्तस्रावी तापांत केली जाते.

बहुतेक रोगी एक-दोन आठवड्यांत बरे होतात. तथापि शेकडा १० ते २० रोग्यांना तिसऱ्या आठवड्यात ताप पुन्हा उलटतो व त्या वेळी तीव्र डोकेदुखी, हात थरथरणे, भ्रम होणे, दृष्टी मंदावणे अशी मेंदूची लक्षणे दिसतात. म्हणून ताप उतरला की लगेच कामावर जाऊ नये. शंभर रोग्यांमागे साधारण ३ ते ५ रोगी दगावतात.

या विषाणूवर नेमके औषध उपलब्ध नाही. परंतु त्याचा अर्थ उपचार नाही असा नव्हे. रुग्णालयात वेळेवर सलाईन, आवश्यक तेव्हा रक्त व प्लेटलेट, रक्तदाबावर सतत लक्ष व योग्य आहार मिळाल्यास बहुसंख्य रोगी वाचतात. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. अॅस्पिरिन व अंगदुखीच्या अन्य गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात, म्हणून त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. तापाच्या पहिल्या आठवड्यात रक्ताच्या नमुन्यातून विषाणू प्रत्यक्ष ओळखता येतो. पुढे रक्तातील प्रतिपिंडांवरून निदान होते. अशी तपासणी शिवमोग्गा येथील विषाणू निदान प्रयोगशाळेत व पुण्याच्या राष्ट्रीय संस्थेत होते.

लसीची कथाही येथे सांगितली पाहिजे. बंगळूरु येथील हेब्बाळच्या पशुआरोग्य व पशुजैविक संस्थेत तयार होणारी लस कर्नाटकात अनेक वर्षे दिली जात होती. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा व त्यानंतर पुन्हा पुन्हा वर्धक मात्रा घ्याव्या लागत. तिचे संरक्षण अपुरे पडत असल्याचे आढळून आल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला. नवी लस तयार करण्याचे कार्य भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतले आहे. ती सिद्ध होऊन गावोगाव पोहोचेपर्यंत माहिती व सावधगिरी हेच आपले मुख्य संरक्षण आहे.

पठारी भागातील धोका

माकडतापाची गोचीड जंगलातील आहे. परंतु गोठ्यातील गोचीड निरुपद्रवी आहे असे समजू नये. ‘हायलोमा’ जातीच्या गोचिडीमुळे पसरणारा क्रिमियन-काँगो ताप हा दुसरा, अधिक घातक असा रक्तस्रावी ताप होय. तो १९४४ मध्ये क्रिमियात व १९५६ मध्ये काँगोत आढळला, म्हणून त्यास हे जोडनाव मिळाले. भारतात तो प्रथम जानेवारी २०११ मध्ये गुजरातमधील साणंदजवळच्या कोलट गावात आढळला. त्या गावातील एक महिला दगावली व पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका यांचाही मृत्यू झाला. माकडतापाहून हा ताप येथेच वेगळा पडतो : रोग्याचे रक्त व शरीरातील स्राव यांच्या स्पर्शाने तो दुसऱ्यास होतो.

सन २०१३–१४ मध्ये देशातील २२ राज्ये व एक केंद्रशासित प्रदेश येथील जनावरांचे रक्त तपासले असता सर्व ठिकाणी या विषाणूची प्रतिपिंडे मिळाली. याचा अर्थ प्रत्येक गावात रोग आहे असा नाही. परंतु विषाणू जनावरांतून वावरून गेला आहे, एवढे निश्चित. बाधित जनावर आजारी दिसत नाही, ही यातील खरी अडचण आहे. आपला भाग तर देवणी गाई-बैलांचा आहे. येथील पशुपालक बैलाच्या कानातून, मानेखालून गोचिडी उपटतात व बोटांनी चिरडतात. ही पद्धत सोडली पाहिजे. चिरडलेल्या गोचिडीचे रक्त हाताच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात जाऊ शकते. कर्नाटक पशुवैद्यकीय, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ बीदर येथेच आहे. गोचीड निर्मूलनाचे योग्य औषध व त्याचे प्रमाण याविषयी पशुवैद्यकांचा सल्ला घेणे या भागात कठीण नाही.

याखेरीज डेंग्यूचाही विचार करावयास हवा. डास चावल्याने होणारा हा ताप तीव्र झाल्यास त्यातही रक्तस्राव होतो. कर्नाटक शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये डेंग्यूस साथरोग म्हणून अधिसूचित केले. या भागात रक्तस्रावासह ताप आलेल्या रोग्यास डेंग्यू असण्याचाच संभव अधिक असतो. परंतु तोच रोगी मलनाडातून किंवा काजूच्या बागेतून आला असेल, तर माकडतापाचाही विचार झाला पाहिजे. ‘गेल्या महिन्यात आपण कोठे होता?’ हा एक साधा प्रश्न येथे निदानाची दिशा बदलू शकतो. डॉक्टरांनी तो विचारावा, व न विचारल्यास रोग्याने अथवा नातेवाइकांनी आपण होऊन सांगावे.

मृत वानर व आपली श्रद्धा

आपल्या भागात वानर म्हणजे मारुतीचे रूप मानले जाते. गावात वानर मेले तर त्यास आंघोळ घालून, हार-गुलाल वाहून, भजन करीत मिरवणुकीने नेण्याची प्रथा अनेक गावांत आहे. मुक्या जीवाविषयीची ही कणव मोलाची आहे व तिचा अनादर करण्याचे कोणासही कारण नाही. परंतु रोगाच्या भागात या प्रथेमुळे अनेक माणसे एकाच वेळी गोचिडींच्या संपर्कात येतात. बीदर-कलबुर्गीत वानर बहुधा अपघाताने किंवा विजेच्या धक्क्याने मरते. तथापि एकाच परिसरात दोन-तीन वानरे कारणावाचून मेलेली आढळली, तर त्यांस हात न लावता वनखात्यास, पशुवैद्यकीय दवाखान्यास व प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. माकडतापाच्या भागात मृत माकडाभोवती ५० फूट अंतरापर्यंत कीटकनाशक भुकटी टाकली जाते. नमुने घेतल्यावर शरीराचे दहन प्रशिक्षित कर्मचारी करतात. ग्रामस्थांनी दूर उभे राहून हात जोडले, तरी श्रद्धेत उणेपणा येत नाही.

कोणी काय करावे

कामासाठी घाटाखाली किंवा मलनाडात जाणाऱ्या मजुरांनी जंगलात व काजूच्या बागेत अंगभर कपडे घालावेत. विजार मोज्यांत खोचावी. आरोग्य खात्याकडून मिळणारे डेपा तेल उघड्या अंगास लावावे. पाल्यावर बसू किंवा झोपू नये. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने आंघोळ करावी व काखा, जांघा, कानामागील भाग नीट तपासावा. गोचीड चिकटलेली आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी व जागा साबणाने धुवावी. तिला विडीचा चटका देऊ नये, रॉकेल लावू नये व बोटांनी चिरडू नये.

पशुपालकांनी गोचिडी काढताना हातमोजे वापरावेत. गोठ्याच्या भिंतींच्या फटी बुजवाव्यात. बाजारातून आणलेले जनावर गोचीडमुक्त करूनच कळपात सोडावे. जनावर कापणाऱ्यांनीही उघड्या हातांनी रक्त हाताळू नये.

शिक्षक बंधुभगिनींनी डिसेंबर महिन्यात एक तास या विषयासाठी द्यावा. गोचिडीचे जीवनचक्र फळ्यावर काढून दाखविल्यास मुले ते घरी सांगतात, हा अनुभव आहे. परगावी कामास जाणाऱ्या पालकांपर्यंत पोहोचण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

ग्रामपंचायत, आरोग्य, पशुसंवर्धन व वन या खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावेत. माकड मेल्याची वार्ता वनरक्षकाजवळ, गोचिडीची पशुवैद्यकाजवळ व तापाची आशा कार्यकर्तीजवळ असते. या तिन्ही वार्ता एकत्र आल्या तरच रोग वेळेवर ओळखता येतो. सीमेवरील गावांत एक अधिक दक्षता हवी. बीदरचा रोगी उदगीरला व आळंदचा रोगी उमरग्यास किंवा सोलापुरास उपचारासाठी जातो. तेव्हा संशयित रोग्याची माहिती दोन्ही राज्यांच्या आरोग्य यंत्रणांस मिळाली पाहिजे.

रक्तस्रावी ताप हा शब्द भयंकर आहे, परंतु त्याची वाट माणसाच्या ओळखीची आहे. ती पाल्यातून, गोठ्यातून व उघड्या हातावरून जाते. क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये ग्रामस्थांनी माकडे मरत असल्याचे पाहिले व सांगितले, म्हणूनच हा रोग ओळखता आला. पाहणे व वेळेवर सांगणे ही दोन कामे आजही ग्रामस्थांचीच आहेत, व ती झाली तरच पुढची सारी यंत्रणा कामास लागू शकते.